तू प्यायलेली नव्हतीस

माय, आज कुरखेड्याकडच्या एका बाईच्या डोक्यावर किरण कसे द्यायचे, त्याचा आराखडा केला. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी हेच काम करते, तुझ्या माघारी शिकले. तिचा छातीतला कॅन्सर मेंदूत पोचलाय, तीन गाठी आहेत. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तिच्या चेहऱ्यावर दाबून बसवली. थंड झाल्यावर तिचा मुखवटा होतो, आणि तो टेबलाला अडकवला की डोकं केसभरही हलत नाही. मग डॉक्टर फोटोंवर गाठींच्या कडा आखतात आणि किरण कुठून सोडायचे ते मी मांडते. एक गाठ डोळ्याच्या नसेला अगदी लागून. तिच्यापायी चार आराखडे मोडले, पाचवा जमला. जेवायचं राहून गेलं.

मुखवटा काढल्यावर तिचा नवरा सहज म्हणाला, "महिनाभर आमाले वाटलं, मोहाची पिऊन राह्यली. झोकांड्या खाये ना!" ती बाई धडपडत उठून बसली. गालांवर जाळीचे वळ तसेच होते. "मॅडम, सांगा यायले. मी कधी पेली नाई." बरं होण्याबद्दल तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं, विचारलं ते एवढंच. मी त्या माणसाला पडद्यासमोर नेलं, तोल सांभाळणाऱ्या भागातली गाठ दाखवली, आणि जरा जोरातच सांगितलं की दारूचा काही संबंध नाही. तो खाली मान घालून उभा राहिला. मला त्याचा राग आला होता, आणि तो राग कुणावरचा होता हे मला ठाऊक होतं.

तेव्हा तुझं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं. मी आरमोरीच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली, चार पुस्तकं वाचून शहाणी झालेली. सकाळी सगळ्या बायका मोहफुलं वेचून परतत होत्या आणि तू आपल्याच अंगणात भेलकांडून पडलीस. टोपली उलटली. त्या दिवसांत अख्ख्या गावाला मोहाचा वास असतो, माझ्याही ओढणीला होता. पण मी तुझ्याच पदराचा वास घेतला, सगळ्यांदेखत, आणि ओरडले, "सकाळी सकाळी पिऊन आली का वो? लाज नाई वाटत?" बायका थांबून बघत होत्या. तू फुलं गोळा करत म्हणालीस, "नाई वो बाई, पाय कुठी पडते ते समजतच नाई." मी घरात निघून गेले. तुला उठवलंही नाही.

पुढे नागपूरला डोक्याचा फोटो काढला तेव्हा सगळं कळलं, आणि महिन्याभरात तू गेलीस. कळल्यावरही मी तुझी माफी मागितली नाही. तू विसरली असशील, असं स्वतःला समजावलं. तू नव्हती विसरलीस. दवाखान्यात नर्स जवळ आली की तू तोंडावर पदर धरायचीस.

मागच्या महिन्यात गावात लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारची म्हातारी मायेने म्हणाली, "तुही माय लय चांगली होती वो, आखरीले तेवढी पेऊ लागली होती." आज त्या परक्या बाईसाठी जे बोलले, तेच दोन शब्द तिथे बोलायचे होते. पण मग हे पहिल्यांदा कोण म्हणालं होतं, तेही निघालं असतं.

मी आणखी थोडं वरण मागून घेतलं.