दोरा तेवढा परत करा

सोमवार, १७ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

आज सकाळी पाणी भरलं. विजेचं बिल भरून आलो. दुपारची भाजी उरली होती, तीच संध्याकाळी खाल्ली. मधे शाळेचा शिपाई येऊन एक दोरा देऊन गेला. दिवसभरात एवढंच झालं. फोनवर तू विचारतेस, बाबा, काय केलंत दिवसभर, आणि मी काही नाही म्हणतो, ते खोटं नसतं. पण कालचं मला फोनवर सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

काल आईच्या शाळेत पुड्यांचा बाजार झाला. आई गेली, आता तो काही होत नाही, असं मी धरून चाललो होतो. पण लहान वर्गांच्या खोलीचं छत गळायचं थांबलेलं नाही. मुख्याध्यापिका बाई मागच्या महिन्यात घरी आल्या होत्या. म्हणाल्या, काही पालक मंडप घालून गाण्याचा मोठा कार्यक्रम करू म्हणतायत, पण त्यावर आमच्या बाई, म्हणजे तुझी आई, काय म्हणाल्या असत्या ते आम्हाला पाठ आहे. मलाही पाठ होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शाळेसाठी पैसा उभा करायचा तर आधी पदरचा घालायचा नाही, एवढंच तिचं शास्त्र. मुलांनी शनिवारी लोकांच्या सायकली पुसून द्यायच्या, घरोघरची रद्दी आणायची आणि वर्षातून एकदा हा बाजार. तू सातवीत असताना तुझ्या वाट्याला दाढीचा ब्रश आला होता आणि तू दोन दिवस आईशी बोलत नव्हतीस. घरातली धड पण वापरात नसलेली वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायची, सगळ्या पुड्यांची किंमत एक, आत काय आहे ते कुणी सांगायचं नाही, घरी जाऊन उघडायची, बदलून मागायची नाही. आणि टेबलावर तिच्या अक्षरात पाटी: दोरा तेवढा परत करा. दोऱ्यालाही पैसे पडतात, म्हणायची. लोक हसायचे आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या हाती दोरे पाठवून द्यायचे.

बांधायचं काम दरवर्षी माझ्याकडे. पार्सल ऑफिसात जन्म गेला, दुसरं येतं काय मला. तिथे आम्हाला एक सवय लागलेली असते. खिडकीतून आलेली वस्तू कुणाची, कुणासाठी, याचा विचार करायचा नाही. कागद, दोरा, गाठ, पुढचा. नवीन माणूस विचार करत बसला की आमचे हेडक्लार्क म्हणायचे, अहो, लग्नाचा रुखवत नाही बांधायचा, पार्सल बांधा.

तू म्हणाली होतीस, आईचं कपाट रिकामं करून ठेवा, मे महिन्यात येते, खोल्या भाड्याने देऊ आणि तुम्हाला घेऊन जाते. बाजार तोंडावर होता, आयतीच सोय झाली असं वाटलं. स्वेटर, छत्री, पर्सा, चष्म्याचं घर, टेबलावरचा तिचा पृथ्वीचा गोल, सगळं काढलं आणि बांधलं. कागदात गेलं की झालं. मला काही वाटलं नाही. तू विचारशील म्हणून सांगतो, खरंच काही वाटलं नाही. पुड्या शाळेत पोचवल्या आणि येताना साबण घेऊन आलो.

काल मी फक्त बघायला गेलो होतो. यंदा बाकीच्या पुड्या शिक्षकांनी शाळेतच बांधल्या होत्या, चिकटपट्टी लावून. एरवी सगळ्यांनाच माझी गाठ असायची, त्यामुळे कुठली पुडी कुणाच्या घरची ते मलासुद्धा कळायचं नाही. काल टेबलाशी गेल्यागेल्या कळलं. दोऱ्याच्या तेवढ्या तिच्या. हे घरीच लक्षात यायला हवं होतं, आलं नाही.

मी एक घेतली. मग आणखी एक घेतली. टेबलावर खेळाचे सर होते. म्हणाले, काका, दुकान टाकताय का? मी हसलो. तिसरी उचलली तेव्हा म्हणाले, अहो काका, मागे रांग बघा, माणशी एक ठरलंय. तेवढ्यात मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांनी माझ्या हातातल्या पुड्या बघितल्या, टेबलावरच्या बघितल्या, आणि त्यांना म्हणाल्या, सर, तुम्ही जरा चहा घेऊन या. मग स्वतःच दोऱ्याच्या पुड्या वेचून माझ्या पिशवीत भरल्या. पैसे मात्र सगळ्या पुड्यांचे घेतले, ते बरं केलं.

एक पुडी आधीच गेली होती. नर्सचा गणवेश घातलेली एक बाई, ड्यूटीवरून तशीच आलेली, ती काखेत धरून फाटकाकडे निघाली होती. मी मागे गेलो. म्हटलं, ही मला द्याल का, बदल्यात दुसरी कुठलीही घ्या. ती म्हणाली, नाही हं काका, बदलाबदली नाही, बाईंचा नियम आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, सोनं निघालं तर आणून देईन, काळजी करू नका. मी बरं म्हटलं.

तर ठकू, कपाट रिकामं झालेलं नाही. सगळ्या पुड्या तशाच्या तशा आत ठेवल्या आहेत. छत्री आणि गोल आकारावरून कळतात, बाकी कुठल्या पुडीत काय आहे ते मला ठाऊक नाही. मी बांधताना बघितलं नाही आणि आता सोडायला हात जात नाही. माझीच गाठ आहे, एक टोक ओढलं की सुटते. तुझ्याकडे येणार नाही असं मी म्हणत नाही. पण मे महिन्यापर्यंत थांबू नकोस, आधी एकदा दोन दिवस ये. तिच्या कपाटात काय काय होतं ते तुलाच माहीत. तू एकेक सोड, मी शेजारी बसतो. काय गेलं ते तूच सांग. एवढ्याचसाठी हे पत्र.

शिपायाने आणलेला दोरा त्या नर्सबाईंचा आहे. कात्री न लावता सोडलाय. दोऱ्यावर घड्या राहतात, त्या धरून मांडला की पुडी केवढी होती ते आम्हाला कळतं. मी मांडला नाही. बोटांवर गुंडाळला आणि बाकीच्या दोऱ्यांच्या डब्यात टाकला.

तुझाच,
बाबा