अम्मारचा गुडघा आणि बासितभाईंची शिफारस

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर

मित्रवर्य त्रिंबकराव,

मुबारकचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. सोयीचं असेल ते घ्या. सुगंधावहिनींचा खोकला गेला का? तुम्ही करमाडला सुखात असाल, असं धरून चालतो, कारण दुःखात असता तर चार जणांना फोन करून सांगितलं असतं. मी मात्र फोन न करता पत्र लिहितो आहे. फोनवर तुम्ही नुसतं "व्हय, व्हय" म्हणता आणि ऐकत काहीच नाही. (एकाच शाळेत मी भूगोल शिकवला आणि तुम्ही खेळ. तुमचं लक्ष कधी उडतं, हे मला कळतं.) तर आधी बातमी: तुम्ही ज्याला चौथीत पहिल्यांदा खो-खोच्या पाटीवर बसवलंत, त्या आपल्या अम्मारला खो-खोच्या लीगमध्ये घेतलं! संघ पाळीपाळीनं खेळाडू उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्यात माझ्या नातवाचं नाव आलं!

आता सगळं सविस्तर सांगतो. गेल्या वर्षी कॉलेजच्या अंतिम सामन्यात खांबावरून झेप घेताना पोराच्या गुडघ्याची शीर तुटली, ऑपरेशन झालं, हे तुम्हाला माहीत आहेच. खेळ संपला, असं जो तो त्याच्या तोंडावर सांगून गेला. भेटायला येणारे मोसंबी आणत आणि जीव काढून नेत. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे मशिदीत तो आमच्याबरोबर खुर्चीवर नमाज पढू लागला. मागची खुर्च्यांची रांग म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांचं राज्य. तिथं विशीतला गडी आल्यावर आम्हाला केवढा आनंद! बासितभाई घड्याळवाल्यांनी तर त्याच्यासाठी खास गादीची खुर्ची आणली. जो तो त्याला स्वतःच्या गुडघ्याची कहाणी सांगे, आणि तो बिचारा ऐके. पुढं डॉक्टरांनी सगळी बंधनं उठवली, पोरगा मैदानात पूर्वीसारखा धावू लागला; पण मशिदीत खुर्ची सोडेना. मी कारण विचारलं तर म्हणाला, "दादा, बासितचाचांना वाईट वाटेल." (हा भिडस्तपणा आईकडून आला. आमच्या घराण्यात तो नाही.)

आणि याच भिडस्तपणानं घात केला! ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात एका संघाचा माणूस गुपचूप चौकशीला आला. पोरगा चांगला आहे, पण गुडघा टिकेल का, एवढंच त्याला पाहायचं होतं. आणि त्यानं विचारलं कोणाला? आमच्या घराखालच्या दुकानात, बासितभाईंना! बासितभाईंना वाटलं, स्थळाची चौकशी आहे. मग काय विचारता! म्हणाले, "लई नेक पोरगा. पाची वक्त आमच्या बाजूला खुर्चीवर बसतो. गुडघा साथ देत नाय, तरी एक दिवस नागा नाय!" माणसानं मान डोलावली, चहाही न घेता निघाला. बासितभाई जिना चढून वर आले आणि माझ्या सुनेला म्हणाले, "वहिदा, मुँह मीठा करा. मी अशी शिफारस केली की पोरीवाले उद्याच येतील."

माणूस कसा दिसत होता, छातीवर कसला बिल्ला होता, हे ऐकताच वहिदानं लाटणं खाली टाकलं. अम्मार जेवत होता. तो उष्ट्या हातानं जिना उतरला. (उतरला म्हणजे पायऱ्यांना पाय लावल्याचं मी पाहिलं नाही.) मी सज्जात. खाली बाजाराची गर्दी तुम्हाला माहीत आहे: हातगाड्या, कापडाचे गठ्ठे, आणि रस्त्यात उभं राहून भाव करणाऱ्या बायका. माणूस पार कोपऱ्यावर रिक्षात पाय ठेवत होता. अम्मार दोन गाड्यांमधून तिरका घुसला, एका बाईला वळसा घातला, विजेच्या खांबाला डाव्या हातानं धरलं आणि अंग जमिनीला समांतर करून, त्रिंबकराव, अगदी तुम्ही शिकवलंत तशी झेप! त्याची बोटं माणसाच्या पाठीवर. ऑपरेशन झालेल्या त्याच उजव्या गुडघ्यावर पडला आणि पडला तसा उठला! रिक्षावाला शिव्या द्यायचं विसरला. तो माणूस जुना खेळाडू निघाला. त्याचा हात आपोआप वर गेला आणि तोंडातून निघालं, "मी बाद!" मी सज्जात एकटाच टाळ्या वाजवत होतो आणि रडतही होतो. लाज कसली?

त्याच संघानं त्याला घेतलं. नाव पुकारलं तेव्हा आमची सगळी खुर्च्यांची रांग घरी टीव्हीसमोर होती. असा गलका झाला की बासितभाईंच्या दुकानातली बंद घड्याळंही चालू व्हावीत. पोरानं सर्वांना आलिंगन दिलं. आता तो पुढच्या रांगेत जमिनीवर नमाज पढतो, आणि आमची छाती मागून फुगते.

आपला,
मुबारक

ता. क. अम्मारची निवड आपल्या शिफारशीमुळे झाली, असं बासितभाई गावभर सांगतात. संताप याचा येतो की ते खोटं नाही.

दुसरा ता. क. पत्राचं खरं कारण. त्या आनंदात सगळ्यांसमोर अम्मारनं माझ्याकडून वचन घेतलं, की तो संघाच्या शिबिराला जाण्याआधी मी माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं. मी हो म्हणून बसलो. येत्या सोमवारी आहे. तुम्ही त्याचे गुरू. या वयात असले उद्योग बरे नाहीत, असं त्याला समजावा.

तिसरा ता. क. वरचं खोडलं असं समजा. त्याला काही बोलू नका. फक्त सोमवारी सकाळी या आणि मला आत नेईपर्यंत शेजारी बसा. मला फार भीती वाटते आहे, त्रिंबकराव.