दोन खाचांचा जेट

अमरावती,
१२ डिसेंबर १९६६

प्रिय चंद्रभान,

आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून तू दचकशील. दचक. आपल्या लग्नाचं बोलणं पक्कं करून तू अकोल्याला गेलास आणि एक पोस्टकार्डही टाकलं नाहीस, त्याबद्दल ही बाई आता रडगाणं गाणार, असं वाटलं असेल तर खुशाल पाय पसरून वाच. तो राग कधीच संपला. माझं धर्मपालशी लग्न झालं, तो एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे. बाबांचं बंद पडलेलं गॅरेज आम्ही पुन्हा उघडलं आहे. कार्बोरेटर मी उघडते. लोक आधी हसतात, मग गाडी घेऊन निमूट जातात.

त्या गॅरेजात तू काय काय शिकलास ते आठवतं का? पेट्रोल आत सोडणारा तो तुरीच्या दाण्याएवढा पितळी जेट हातात धरून बाबा म्हणायचे, "जेटात तार नाई घालाची पोट्ट्या, फुक माराची. नाईच निंघालं तं घोड्याचा बाल घे." टांगेवाल्याच्या घोडीच्या शेपटीचे केस मीच मागून आणायची. तारेनं भोक केसभर जरी मोठं झालं, तरी सपाटीवर गाडी नुसती थोडा काळा धूर टाकते आणि घाटात गुदमरून बसते, हे आपण दोघांनीही पाठ केलं होतं. आणि बाबांच्या त्या खाचा! नेहमीच्या प्रत्येक गाडीच्या जेटाला ते कानशीनं खूण करायचे. डॉक्टरांच्या गाडीला एक खाच, अकोटच्या कापसाच्या जिनवाल्या खुशालरावांच्या गाडीला दोन. दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच सालच्या, म्हणून मुद्दाम. जेट बसवण्याआधी बाबा नखानं खाच चाचपून पाहायचे.

फक्त एकदा पाहिली नाही. त्या दिवशी दोन्ही गाड्या दुरुस्तीला होत्या. डॉक्टरांचा जेट बाबांनी स्वतः साफ करून फडक्यावर ठेवला, खुशालरावांचा तुझ्याकडे दिला, आणि तिवसाच्या रस्त्यावर अडकलेला ट्रक पाहायला गेले. परत आले तेव्हा तू दोन्ही कार्बोरेटर बसवून मोकळा झाला होतास. बाबांनी इंजिनं ऐकली, तुझी पाठ थोपटली. तुझ्यावर त्यांचा इतका भरवसा होता, याची मला आज चीड येते.

चार दिवसांनी डॉक्टरांची गाडी चिखलदऱ्याच्या घाटात बंद पडली, पाहुण्यांसकट. ते आले आणि भर चौकात म्हणाले, "मिस्त्री, तुमचे डोळे गेले आता. घरी बसा." तू तिथेच उभा होतास, हातात पाना घेऊन. तो पाना तू नुसता पुसत राहिलास. छप्पन साली नागपूरला आपल्या सगळ्यांबरोबर खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा तूही घेतली होतीस रे! ज्या देवमन मिस्त्रीच्या हातचं पाणी निम्मं गाव घेत नव्हतं, त्याच हातात ते गाव आपल्या गाडीची किल्ली विश्वासानं देत होतं. बाबांची सगळी इभ्रत त्या हातात होती. ती त्या दिवशी गेली. डॉक्टरांनी गाडीला पुन्हा हात लावू दिला नाही, नवी घेतली आणि जुनी तशीच कडुनिंबाखाली टाकून दिली. महिनाभरात खुशालरावांनी तुला अकोल्याला गॅरेज काढून दिलं. बाबा तीन वर्षं ओसरीवर बसून आपलेच हात पाहत राहिले. जाण्याच्या आदल्या दिवशीही मला म्हणाले, "माह्याच हातून चुकलं असंन, बाई."

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या मुलानं ती गाडी भंगारात काढली. धर्मपालनं सुट्या भागांसाठी घेतली. कार्बोरेटर मीच उघडला. जेटावर नख फिरवलं तर दोन खाचा. उजेडात धरलं तर भोक ओरखडलेलं, एका बाजूला ओढलेलं. बाबा चुकले नव्हते. तू खुशालरावांचा जेट बिघडवलास आणि बड्या गिऱ्हाइकाची मर्जी जाऊ नये म्हणून डॉक्टरांचा चांगला जेट त्यांच्या गाडीत घातलास.

आणि बघ, गेल्या शुक्रवारी खुशालरावांची तीच जुनी गाडी पंख्याचा पट्टा तुटून आमच्याच दारात उभी राहिली. ड्रायव्हर चहाला गेला. मी काही चोरलं नाही चंद्रभान, ज्याचा जेट त्याला दिला. दोन खाचांचा खुशालरावांना परत, एका खाचेचा बाबांच्या फोटोखाली ठेवला आहे. ड्रायव्हरच सांगत होता, येत्या बुधवारी खुशालराव नव्या व्याह्यांना चिखलदरा दाखवायला नेणार, आणि इंजिनाची खात्री म्हणून तू सोबत बसणार. ब्रेकला मी हात लावलेला नाही. कोणाच्या जिवाला काही होणार नाही. फक्त गाडी घाटात थांबेल आणि सगळे तुझ्याकडे बघतील.

हे पत्र मी बुधवारी संध्याकाळीच पेटीत टाकणार आहे. तू वाचशील तोवर तो तमाशा होऊन गेलेला असेल. खुशालरावांना काय उत्तर दिलंस? सुचलं नसेल तर बाबांचं ‘माह्याच हातून चुकलं’ हे वाक्य घे, तुला ते शोभेल, कारण तुझ्या बाबतीत ते खरं आहे. मला हे सगळं तुला सांगायचं होतंच, पण पत्र लिहिलं ते पाकिटातल्या वस्तूसाठी. त्या दुपारी बाबा ट्रक पाहायला गेल्यावर तू लंगडत माझ्याकडे आलास, पायात बाभळीचा काटा मोडला म्हणालास, आणि मी पदराची सेफ्टी पिन काढून दिली. तू परत केलीस तेव्हा तिला पेट्रोलचा वास होता आणि टोक वाकलं होतं. तू हातात धरलेली म्हणून वेडीनं मी ती आठ वर्षं घोड्याच्या केसांच्या डबीत जपली. बाबांचे हात ज्या पिनेनं गेले ती माझी होती, आणि हे बाबांना सांगायला आता बाबा नाहीत. म्हणून ती तुझ्याकडे पाठवते. यापुढे तूच जपून ठेव.

एके काळची तुझीच,
इंदू