कोरं कपाळ

पिंपळगाव रेणुकाई
आश्विन शु. १२, शके १८६०

चि. गिरिधर यास शरयूअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. आपली व सौ. पुष्पाची खुशाली तूच कळवीत जा, म्हणजे ती आम्हाला कचरूकडून ऐकावी लागणार नाही.

कचरू म्हणजे आमचा गाडीवान. परवा जालन्याहून सरकी घेऊन आला आणि ओसरीवर पाणी पिता पिता सांगू लागला की, बाई, मागल्या बीजेला तुमचे भाऊ शेजारच्या घरात पाटावर बसून राह्यल्ते, म्या दारातून पाह्यलं. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या हातातलं सूप मात्र तसंच राहिलं.

मागल्या बीजेला तू मला लिहिलं होतंस की प्रेसमधून रुखसत मिळत नाही. मी ते खरं मानलं. सासूबाईंनी दोनदा विचारलं, भाऊ येतोय ना, आणि लाजेखातर दोनदा हो म्हणून शेवटी मी पाट उचलून ठेवला. तू त्या वेळी कुणा उमाबाईपुढे कपाळ करून बसला होतास. तबकात काय घातलंस तेही कळलं. आपल्या हातानं केलेली फणीपेटी. माझ्या लग्नापासून मी तुझ्याकडे तीच मागते आहे आणि तुला बरं लाकूड मिळत नाही. तिच्यापुरतं बराबर मिळालं.

मला जळतंय, गिरी, आणि मी ते झाकणार नाही. आई गेल्यापासून दर दिवाळीला तुझ्या कमरेचा करदोडा मी वळला. मागल्या साली टपालानं धाडला, तो बांधलास की तिनं दिलेला बांधलास, एवढं खरं लिही.

अनारशांचं पीठ भिजवलं आहे. कुणाच्या वाट्याचं ते तूच ठरव.

तुझी रागावलेली, तरी तुझीच,
अक्का

*

जालना
आश्विन व. ४

ती. सौ. शरयूअक्कास गिरिधरचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. वाचताना कागद गरम लागत होता. पुष्पा म्हणाली की अक्कांना चूल पेटवायला काडी लागत नसेल.

करदोडा तुझाच बांधला आहे. रुखसतीचंही खरंच होतं. संध्याकाळी प्रेस सुटल्यावर घरी आलो तर शेजारी असं झालेलं. उमाबाईंना भाऊ नाही. लहानपणापासून त्या बीजेला चंद्राला ओवाळतात आणि मगच जेवतात. मागल्या साली नेमकं आभाळ आलं. बीजेचा चंद्र तो किती वेळ दिसणार? त्या निरांजन घेऊन अंगणात उभ्या राहिल्या आणि चंद्र दिसलाच नाही. दिवसभराच्या उपाशी. पुष्पानं मला ढकललं की जा, पाटावर बसा. मी बसलो. एवढीच माझी चोरी. तुला लिहिलं नाही, कारण तू असंच पत्र लिहिशील हे मला ठाऊक होतं.

यंदा रुखसत मिळाली आहे. सकाळी लवकर उमाबाईंकडे ओवाळून घेतो, भोकरदनपर्यंत मोटार आणि तिथून गाडी करून दिवेलागणीला तुझ्याकडे पोचतो. दोघींचं मन राहील.

अनारसे माझ्या वाट्याचेच समजतो.

तुझ्या बोलण्याची सवय झालेला,
गिरिधर

*

पिंपळगाव रेणुकाई
आश्विन व. ९

चि. गिरिधर यास अ. उ. आ. वि. वि.

दोघींचं मन राहील असं तू लिहितोस. माझं नाही राहणार. मी थोरली, सख्खी, आणि माझा नंबर दुसरा. आधी तिथं मिरवून मग इकडे यायचं, म्हणजे देवाला दाखवून झालेलं ताट आमच्यापुढे सरकवण्यासारखं झालं. ओवाळून झालेला भाऊ मला नको.

तिला भाऊ नाही याचं मलाही वाईट वाटतं. पण म्हणून माझाच द्यायचा का? यायचं तर कोरं कपाळ घेऊन ये. नाहीतर चंद्राला ओवाळणं मलाही येतं. सासूबाई म्हणतात की भाऊ जिवंत असताना असं बोलू न्हाई. बोलले आहे, आता खोडत नाही.

सौ. पुष्पास आशीर्वाद. तिचा काही दोष नाही, ढकलण्यापुरता आहे.

अक्का

*

जालना
कार्तिक शु. ५

सौ. शरयूबाई यांस उमाचा सा. न. वि. वि. ओळख नसताना लिहिते आहे, राग नसावा. राग आहेच, तर निदान वाढू नये.

तुमचं पत्र मला पुष्पाबाईंनी दाखवलं. गिरिधरभाऊंनी नको म्हटलं होतं. वाचून मला फार लाज वाटली. बीजेला सकाळी ते आले तेव्हा मी पाट मांडलाच नाही. हातावर दही घातलं आणि सांगितलं की आधी अक्कांकडे जा. करदोडा मी वळला होता तो टाकवेना, म्हणून पुडीत बांधून दिला, की तुमच्या मनात आलं तर तुमच्या हातानं बांधावा, नाहीतर चुलीत घालावा. पुडीला कुंकू लागलं ते माझ्या बोटाचं. यंदा आभाळ स्वच्छ होतं. मी चंद्राला ओवाळलं आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी भाऊ परत आले ते तसेच, कोऱ्या कपाळानं. विचारलं तर म्हणाले की वाटेत गाडीचं चाक निखळलं, पोचायला उशीर झाला, अक्कानं चंद्राला ओवाळून घेतलं होतं. पुष्पाबाई रडल्या. यंदा त्यांना कुणीच ओवाळलेलं नाही, हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

आणखी एक. त्यांच्या पिशवीत फणीपेटी तशीच परत आली आहे, सागवानी, आत आरसा बसवलेली. माझी आहे ती हात बसावा म्हणून केलेली होती. तिचं झाकण लागत नाही. तुमची पाहिली तेव्हा मलाही तुमचा हेवा वाटला. फिट्टंफाट झाली असं समजावं.

आपल्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
उमा

*

पिंपळगाव रेणुकाई
कार्तिक शु. ८

चि. सौ. उमा हिस शरयूअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि धान्याच्या खोलीत जाऊन रडले. तो आला तेव्हा दिवे लागून गेले होते. मी चंद्राला ओवाळून तबक आत ठेवलेलं. त्यानं पिशवीतून आधी तुझी पुडी काढली. तिच्यावरचं कुंकू दिसलं आणि माझं डोकं फिरलं. वाटलं, हा तिच्याकडचं उरकून आलाय आणि वर तिचं सामान मला दाखवतोय. धुळीनं भरलेलं त्याचं कपाळ मी धड पाहिलंही नाही. वाढलं, चार अनारसे घातले आणि पाट मांडला नाही. तोही माझाच भाऊ, बोलला नाही. सकाळी निघून गेला. एकाच संध्याकाळी आपण दोघी त्या वरच्याला ओवाळत होतो आणि आपला हा खाली मोडक्या गाडीपाशी बसला होता.

तुझा करदोडा मी चुलीत घातलेला नाही. खोट काढायला म्हणून उलगडून पाहिला. वीण माझ्यासारखीच आहे, गाठ जरा ढिली. माझा काळा, तुझा तांबडा, दोन्ही एकत्र वळून ठेवला आहे. गाठ मी मारली आहे, ती सुटायची नाही.

तुळशीचं लग्न लागेपर्यंत बीज करता येते असं सासूबाई म्हणतात. द्वादशीला मी कचरूच्या गाडीनं जालन्याला येते आहे. पण भावाच्या घरी भाऊबीज होत नाही. बहिणीच्या घरी भावानं जेवायचं असतं. जालन्यात माझं तर घर नाही. म्हणून पाट तुझ्याकडे मांड, रांगोळी तू काढ, स्वयंपाक दोघी मिळून करू. गिरीला यातलं काही सांगू नकोस. फक्त जेवायला बोलाव आणि पेटी बरोबर आणायला सांग.

आभाळ आलं तरी यंदा आपलं अडायचं नाही.

आणि एक आधीच लिहून ठेवते, मागून भांडण नको. घर तुझं असलं तरी थोरली मी आहे. पहिलं ओवाळणार मी.

तुझी,
अक्का