घरातल्याच गाडीचा क्लच

सिडको, नाशिक
१२ जून २००३

आदरणीय सुनीलराव यांस धाकट्या साडूचा सप्रेम (प्रेम जितकं उरलंय तितकंच) जयभीम.

तुम्ही आणि रोशनीताई खुशाल असालच. नसायला तुम्हाला झालंय काय? गाडी तर माझ्याकडे आहे! मीही बरा आहे, म्हणजे उजव्या बाजूनं बरा आहे. डाव्या हाताची बोटं सकाळी गरम पाण्यात बुडवल्याशिवाय उघडत नाहीत. स्नेहल रविवारपासून तुमच्याकडे आहे. शेजारच्या सुमनबाईंना मी सांगितलंय की बहिणीकडे हवापालटाला गेलीय. (सिन्नरच्या एमआयडीसीत हवापालटाला कोण जातं हो, असं त्यांनी तोंडावर विचारलं.) फोन केला की ताई उचलतात आणि ती अंघोळीला गेलीय म्हणून सांगतात. चार दिवस कुणी अंघोळ करत नसतं, सुनीलराव. येत्या सोमवारी तिला हरसूलकडच्या शाळेत शिक्षणसेविका म्हणून हजर व्हायचंय. त्याआधी ती घरी येणार, की कायमचीच पाठ फिरवलीय, हे मला कुणी सांगेना. म्हणून पत्र.

आता हे सगळं कशामुळे झालं, तर तुमच्या मोटरसायकलच्या क्लचमुळे. 'घरातलीच गाडी आहे, बाहेर कशाला द्यायची' असं म्हणत तुम्ही ती माझ्या गळ्यात मारलीत, तेव्हा अख्खं सासर तुमच्याकडे कौतुकानं बघत होतं. मीही बघत होतो, काय करणार! पहिल्याच दिवशी द्वारकेच्या सिग्नलला क्लच दाबून उभा राहिलो आणि सिग्नल सुटेपर्यंत डोळ्यांतून पाणी आलं. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, घरी कुणी गेलं का? पुढं तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात, तेव्हा सगळ्यांसमोर तोच क्लच दोन बोटांनी दाबून दाखवलात. 'मऊ तर आहे की' म्हणालात आणि वर हसलात. (तुम्ही कारखान्यात दिवसभर लोखंड उचलता आणि मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पावत्या फाडतो, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नाही.) त्रिमूर्ती चौकातल्या गोटीराम मेकॅनिकनं वायर बदलली, तेल सोडलं, लिव्हर बदलली, आणि शेवटी 'साहेब, आता तुमचा हातच बसंल, लय टेन्शन नका घेऊ' म्हणून हात पुसले. हात बसला नाही. फुगला मात्र. माझ्या सगळ्या शर्टांची डावी बाही आता घट्ट होते.

मग मी उपाय काढला, की गाडी थांबवायचीच नाही. थांबलो की क्लच धरणं आलं आणि धरला की कळ आली. भाजीवाल्याकडून भाजी चालत्या गाडीवर घ्यायची, ओळखीचं कुणी दिसलं की मान हलवून पुढं जायचं. स्नेहलनं बसायचं ते फर्स्ट गिअरमध्ये गाडी सरकत असतानाच, दोन पावलं पळत येऊन. ती बसायची हो! साडी सावरत, बडबडत, पण बसायची. 'एकदा तरी माझ्यासाठी गाडी थांबवा' म्हणायची. मला वाटायचं, ही गाडीविषयीच बोलतेय.

रविवारी विंचूरला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. औरंगाबाद नाक्याच्या पुढं पेट्रोल भरलं. स्नेहल आहेराचा कुकर घेऊन बाजूला उभी. मी गाडी सुरू करून सवयीप्रमाणे सरकवली, मागं काहीतरी हललंसं वाटलं, आणि निघालो. वजनावरून कळलं नाही का, असं ताईंनी फोनवर मला झापलं. आता तुम्हीच सांगा त्यांना! तुमच्या गाडीचे मागचे शॉकअप असे आहेत, की मागं कुणी बसलं काय अन् उतरलं काय, काही फरक पडत नाही. (मलाही पडत नाही, असं स्नेहलचं म्हणणं आहे.)

घरून निघतानाच आमचं हरसूलवरून वाजलं होतं. एवढ्या लांब, घाटातला रस्ता, घराकडे कोण बघणार, हे माझं नेहमीचंच. ते मी पंपापासून पुढं चालू केलं. एरवी ती मध्येच तोडते, त्यामुळे माझं एकही वाक्य मला शेवटपर्यंत ऐकायला मिळत नाही. त्या दिवशी सगळी ऐकली. घराकडे बघायला मी आहेच की, हे माझं मलाच सुचलं. रस्त्यानं रोज माणसं जातातच. असं करत करत माझी सगळी कारणं संपली आणि जे खरं होतं तेवढं उरलं. मग तेही बोललो, अगदी मोठ्यानं. म्हटलं, मला भीती वाटते गं. तू सरकारी शाळेत बाई होशील आणि मी पावत्या फाडतच राहीन. मग तुला माझी लाज वाटेल. पण तू जा. तू शिकवलंस ना, की मला आवडेल. लग्नाला सात वर्षं झाली सुनीलराव, इतकं सरळ मी कधी बोललो नव्हतो. ती गप्प होती. मला वाटलं, रडतेय.

निफाडला एसटी आडवी आली, तेव्हा नाइलाजानं थांबलो आणि मागं वळलो. मागं नुसती सीट. परत पंपावर आलो तर तिथला माणूस म्हणाला, त्या कुकरवाल्या बाई बराच वेळ उभ्या होत्या, मग रिक्षानं द्वारकेकडे गेल्या. तिथून सिन्नरची जीप धरून ती तुमच्याकडे आली, हे पुढं ताईंनी सांगितलं. नवी साडी नेसून, हातात कुकर घेऊन ती त्या पंपावर उभी राहिली, हे डोळ्यांसमोर आलं की माझी मलाच चीड येते. तुमची तर येतेच.

कळावे. लोभ तुमच्यावर सगळ्यांचा आहेच, त्यात माझा आणखी कशाला?

आपला,
दिनेश

ता. क. कुकर लग्नाच्या आहेराचा आहे, तुमच्या घरात वापरायला काढू नये.

ता. क. २. वर भीतीबिती जे लिहिलंय ते स्नेहलला वाचून दाखवू नका. तुम्ही ते छान वाचाल आणि कौतुक तुमचंच होईल. ते माझं मी सांगेन, या वेळी ती असताना.

ता. क. ३. सोमवारी तिला तुम्ही सोडायला जाऊ नका, एवढी कृपा करा. पहाटे पाचला मी तुमच्या दारात येतो. क्लच अजून तसाच कडक आहे. तिला एवढंच सांगा, की मी वळून बघेन, 'बसलीस का?' म्हणून विचारीन, आणि ती स्वतःच्या तोंडानं हो म्हणेपर्यंत, हात तुटला तरी, क्लच सोडणार नाही.