खालचा जबडा

सोमवार, ३ मार्च

मालकांनी आज बाजूला बोलावलं. हेडकाका निवृत्त होताहेत, त्यांच्या जागी तुम्ही या म्हणाले. शुक्रवारी नाही, पुढच्या शुक्रवारी उत्तर द्या. "घरी बोला, मग सांगा." पोटात गोळाच आला! आनंदाचा असेल असं वाटून जरा वाट पाहिली. आनंदाचा नव्हता.

हेड म्हणजे आमच्या कृत्रिम दातांच्या लॅबमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दातावर शेवटची नजर माझी. एक कॅप उंच बसली की तिकडे पेशंट कळवळणार, डॉक्टर मालकांवर उखडणार आणि मालक माझ्यावर. आत्ताच मी सुसाटच्या कॅपा तो जेवायला गेला की गुपचूप घासून ठेवते. (त्याच्या हाताचा वेग बघून सगळे त्याला सुसाटच म्हणतात.) हेड झाले तर सगळ्यांच्याच घासत बसेन. माझं मला माहीत आहे ना!

घरी सांगितलं. हा म्हणाला, "घे की! तुझ्यासारखा हात आहे का कुणाचा?" आणि पाव सूपमध्ये बुडवून खात बसला. झालं घरी बोलून.

बुधवार, ५ मार्च

ताईचा फोन. ताई कुठल्याशा शिबिराला जाऊन आली आहे — कामाचा ताण कसा घालवावा वगैरे. तेव्हापासून सगळ्या घराण्याची खैर नाही. ही रोजनिशी म्हणजे तिचाच हुकूम. "मनातलं कागदावर काढ, झोप लागेल." आजचा सल्ला, "आधी तू नाही म्हणायला शीक."

मी म्हटलं, "नाही."

"अगं, मला नव्हे!"

खूप हसलो दोघी. फोन ठेवला आणि परत तो शुक्रवार आठवला.

गुरुवार, ६ मार्च

कागदावर काढलं. झोप लागली नाही. नशीब, मी पहाटे उठते म्हणून हा गेली कित्येक वर्षं बाहेरच्या खोलीत झोपतो. माझ्या तळमळण्याचा त्याला तरी त्रास नको.

शुक्रवार, ७ मार्च

नव्या दवाखान्याकडून पहिलंच काम आलं. रात्री झोपेत दात खाणाऱ्यांसाठी पट्टी करतो ना आम्ही, ती. कामावर नाव कधीच नसतं, नुसता नंबर. आम्हाला तोंड कळतं, माणूस नाही.

खालच्या जबड्याच्या मापात प्लास्टर मीच ओतलं. साचा सुटला आणि बघतच राहिले. दाढांची टोकं गायब, सगळं सपाट! डावीकडे तर चक्क खळगे. एका दाढेला तडा. हे चार दिवसांचं काम नाही, वर्षानुवर्षं चाललंय.

वरच्या जबड्याचं माप मात्र फसलेलं. समोरच मोठा बुडबुडा, पुढचे दात ओळखूच येईनात. सुसाट म्हणाला, "चालवून घ्या मॅडम, पट्टीच तर आहे." मी कशाची चालवून घेतेय! परत पाठवलं, पेशंटला बोलावून पुन्हा माप घ्या म्हणून.

शनिवार, ८ मार्च

तो खालचा जबडा माझ्या टेबलावरच आहे. दिवसभर त्याच्याशी मनातल्या मनात भांडले. अरे बाबा, सोड ती नोकरी! कुणाला एवढं घाबरतोस? दिवसभर लोकांशी गोड बोलत असणार आणि रात्री सगळं दातांखाली रगडत असणार. मला अशी माणसं बरोबर कळतात.

आणि याच्या घरच्यांना पत्ता नाही? दात खाण्याचा आवाज काय लहान असतो! एक तर हा एकटा राहत असेल, नाहीतर घरचे ठार बहिरे.

रविवार, ९ मार्च

सुट्टी, तरी डोक्यात तेच. हो म्हटलं तर मरण, नाही म्हटलं तर पुन्हा कोण विचारतंय?

हा खिडकीच्या काचा पुसत शीळ घालत होता. दिवसभर फोनवर विम्याच्या तक्रारी ऐकायच्या, लोकांच्या शिव्या खायच्या आणि घरी येऊन शीळ! कसं जमतं याला? इथे राहायला आलो तेव्हा कपाट जिन्यातून चढवताना त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. मी किती मागे लागले, बसवून देते म्हणून. "राहू दे, शीळ जाईल." असा माणूस. मला त्याचा हेवा वाटतो, आज तर रागच आला. मी इथे जीव टांगणीला लावून बसलेय आणि हा गातोय!

मंगळवार, ११ मार्च

एक कॅप परत आली. पेशंटला त्या बाजूने चावताच येत नाही, खालच्या दाताला ती टेकतच नाही. मालक सुसाटला सगळ्यांसमोर फाडून खात होते. तो गोंधळून नुसता कॅपकडे बघत होता — त्याने तर नीट मोजून केली होती.

मी घासली होती. तो जेवायला गेल्यावर. त्याची बरोबर होती, मी बिघडवली.

सांगून टाकलं. मालक म्हणाले, "तुम्ही?" आणि आत निघून गेले. सुसाटने नंतर पुढची कॅप स्वतःहून माझ्यासमोर आणून ठेवली. "आता माझ्यासमोर तपासा." मी तपासली. हात लावावा लागला नाही.

हा उशिरा आला. ऑफिसात थांबावं लागलं म्हणाला. जेवायला नको म्हणाला. मी सगळं सांगत सुटले — कॅप, मालक, आता ती जागा देतील की नाही, द्यावी असं मला वाटतंय की नाही. तो गालाला हात लावून ऐकत होता. माझं बोलून संपलं तेव्हा डोळे मिटत होते त्याचे.

बुधवार, १२ मार्च

ताईला नाही म्हणून दाखवलं! रोज पहाटे ध्यान करणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

उद्या उत्तर द्यायचं. ताई म्हणते, "तुला काय हवंय ते स्वतःला विचार." विचारून विचारून कान किटले माझेच.

शुक्रवार, १४ मार्च

वरच्या जबड्याचं माप आलं. स्वच्छ आलंय या वेळी. प्लास्टर ओतलं, साचा सोडवला. समोरच्या दाताचा टवका उडालेला.

मालक आले. "काय ठरलं? घरी बोललात ना?"

"नाही," म्हटलं. "सोमवारी सांगते."

पट्टी मीच केली. संध्याकाळी उशी उचलून बाहेरच्या खोलीत नेली, त्याच्या उशीशेजारी ठेवली. हा हसला, "काय गं, आज इकडे?" मी म्हटलं, "तुझं ऑफिसात काय चाललंय, ते सांग आधी." त्याने नेहमीसारखी शीळ घालायला ओठ पुढे केले. शीळ निघाली नाही.