फाइल सापडली नाही

३ मार्च
ताईकडे पोचले. खोली हवेशीर आहे, खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं. तीस वर्षं कॉलेजात संगणक शिकवला, तेव्हा ताईने सांगितलेलं काम मोठं वाटत नाही. भावोजींनी शेवटच्या आजारपणात स्वतःचं एक वेबपेज केलं होतं. त्यात त्यांचे फोटो, त्यांचा आवाज. ते गेल्यापासून दोन वर्षं पेज कोरंच उघडतं. ताई म्हणाली, ठमे, तुझ्याशिवाय कुणाला जमणार? साठी आली तरी मी हिची ठमीच!

४ मार्च
दुखणं कळलं. पेजला एक जावास्क्रिप्ट लायब्ररी लागते, म्हणजे आधी लिहून ठेवलेला तयार कोड. तीच लोड होत नाही. पत्ता बरोबर, क्रमही बरोबर. पण ती ज्या फाइलवर अवलंबून आहे, ती फाइल सापडत नाही. फाइलचं नाव रोमन लिपीत पाच अक्षरं: टी, एच, ए, एम, आय. कुठल्या तरी कंपनीची आद्याक्षरं असावीत. ताईला विचारलं, तर म्हणाली, हुशार तू, तूच शोध. वर हसली.

६ मार्च
अशी फाइल इंटरनेटवर कुठेच नाही. कोड ओळीओळीने वाचला. त्या नावाच्या वर आणखी एक नाव, तेही रोमन लिपीत: वन्सं. ताई नणंदेला अशीच हाक मारते. पुढे शेरा: सापडली, पण पुरली नाही.
नणंद गेल्या वर्षी इथेच राहायला आली होती. ताई म्हणते, गेली. कुठे, ते सांगत नाही.
मग ती पाच अक्षरं सुटी न वाचता जोडून वाचली.
ठमी.
ही ओळ भावोजींची नव्हे. तिच्यावर दोन आठवड्यांपूर्वीची तारीख आहे. त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताईने मला फोन करून बोलावलं.

७ मार्च, सकाळ
जाब विचारला. तिने नजरसुद्धा चुकवली नाही. म्हणाली, तुझ्यामागे रडणारं कोण आहे? मला ते परत हवेत.
पाठची बहीण मी! केसाने गळा कापला हिने.
बॅग भरली. दाराला बाहेरून कडी.

दुपार
मी हात लावला नाही, तरी पडद्यावरचा संदेश बदलला. फाइल सापडली. लोड होते आहे, चाळीस टक्के.
खोकला आला. तो खोकला मी ओळखते. भावोजींचा — माझ्या घशातून —

८ मार्च
ऐंशी. खिडकीतून शिंप्याला हाक मारली. जाडा, पुरुषी आवाज. त्याने वर पाहिलं, पांढराफटक पडला, शटर ओढून घेतलं.
ताई दाराशी आली आहे. म्हणते, अहो, उठलात का?
मी उठलो — नाही. उठले. उठले!
कडी काढते आहे. ओ द्यायची नाही. एकदा ओ दिली की — मी तिची बहीण आहे, मी लिहितो आहे — लिहिते — मी लिहिते —
पुन्हा म्हणाली, अहो.
ओ देणार ना